पऱ्ह्यावरचा दगडी कमानीचा पूल: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गावाचे दोन तुकडे आहेत. बाजारपेठ आणि एसटी स्टँड अलीकडे, हायस्कूल, दवाखाना आणि ग्रामदेवतेचं देऊळ पलीकडे, मधे खोल पऱ्ह्या, आणि त्यावर काळ्या दगडाचा तीन कमानींचा जुना पूल. मी इंजिनिअर नाही की इतिहासकार नाही, पण लहानपण या पुलाखाली गेलं, आणि नंतर जे मिळेल ते वाचत आणि पुलांच्या कामावर आयुष्य काढलेल्या एका रिटायर्ड मामांचं डोकं खात जे कळलं ते कळलं. गणपतीला चाकरमानी आले की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. राजापूर तालुका एवढंच सांगतो, गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, रील बनवायला कठड्यावर चढणारे आधीच कमी नाहीत.

पऱ्ह्या म्हणजे काय, नदी का?

नाही हो. डोंगरातनं येणारा ओढा, पावसाळ्यात दगड लोटत नेणारा आणि मार्चपर्यंत कोरडा ठणठणीत. खाली सिंधुदुर्गात गेलात की त्यालाच व्हाळ म्हणतात. आमचा पऱ्ह्या जरा जास्तच खोल आहे, दोन्ही बाजूंना कडे आहेत, त्यामुळे पुलाआधी पोफळीच्या सोटांचा साकव होता असं जुनी माणसं सांगायची. साकव दर पावसाळ्यात जायचा आणि दर दिवाळीला परत बांधायचा.

सिमेंट नाही, सळी नाही, मग दगड खाली पडत कसे नाहीत?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. शाळेतल्या पोरांना मी करून दाखवतो. दोन पोरं समोरासमोर उभी करायची, हात वर करून एकमेकांच्या तळहाताला तळहात लावायचे, आणि मग दोघांनी पाय हळूहळू मागे न्यायचे. दोघंही पुढे कललेली, एकट्यानं उभं राहायचं म्हटलं तर तोंडावर पडतील, पण एकमेकांवर भार टाकून मस्त उभी राहतात. हीच कमान. प्रत्येक दगड पाचरीसारखा घडवलेला, वर रुंद खाली निमुळता, त्यामुळे खाली घसरायला बघतो आणि शेजारच्याला आणखी घट्ट दाबतो. दगडाला दाबलेलं चालतं, ताणलेलं चालत नाही, आणि कमानीत ताण जवळजवळ नसतोच, म्हणून सळी लागत नाही.

आता त्या पोरांना परत बघा. हात कधी सुटत नाहीत, खेळ मोडतो तो पाय सरकल्यावर. पायाखाली शेवाळ असलं की दोघंही धाडकन खाली. हे लक्षात ठेवा, पुढे सावित्रीच्या पुलाचं सांगताना लागणार आहे.

कमानीचा आकार कसा ठरवायचा याची गंमत रॉबर्ट हूकनं १६७५ साली लिहून ठेवली, तीही अक्षरं उलटीपालटी करून कोड्यात. साखळी दोन टोकांना धरून लोंबकळत सोडली तर तिला जो झोल पडतो तो उलटा केला की झाली आदर्श कमान. साखळीत नुसता ताण, उलटी केली की नुसता दाब. अंगणातली कपड्याची दोरी बघून हे आठवायला लागलं की समजायचं आपल्याला नाद लागला.

मधला दगड काढला तर पूल पडतो ना?

मधल्या दगडाला, म्हणजे त्या कीस्टोनला, उगाच हिरो केलंय. तो शेवटी बसवतात म्हणून त्याचं कौतुक. कमान पूर्ण झाली की त्याचं काम बाकीच्या दगडांइतकंच, रिंगमधला कुठलाही दगड निघाला तर पंचाईतच आहे. उलट कमान इतकी चिवट असते की एखादी भेग पडून तिथं बिजागरी झाल्यासारखं झालं तरी ती उभी राहते, दोन झाल्या तरी राहते, तीन झाल्या तरी. चौथी झाली की मात्र घडी होऊन कोसळते. म्हणून नुसती भेग दिसली की लगेच बोंब मारायची नाही, पण ती वाढतेय का यावर डोळा ठेवायचा.

चुन्यात गूळ आणि उडीद घालायचे हे खरं का?

चुन्यात गूळ, बेलफळाचा गर, उडदाचं पाणी, हिरड्याचं पाणी असलं काय काय घालायची पद्धत आपल्याकडे होती हे खरंय. पण पूल गुळानं टिकला असं नाही, टिकला तो चुन्यानं आणि दगडाच्या घडाईनं. किनारपट्टीला शिंपले भाजून चुना करायचे. भाजला की कळीचा चुना, त्यावर पाणी टाकलं की फसफसून उकळतो आणि फुटतो, मग तो मुरवायचा, आणि वाळूबरोबर घाणीत मळायचा. घाणी म्हणजे गोल चर, त्यात दगडी चाक, आणि ते ओढणारे बैल. सिमेंट एका दिवसात घट्ट होतं, चुना हवेतला कार्बन डायऑक्साईड ओढत वर्षानुवर्षं आवळत जातो.

आणि चुन्याची खरी कमाल वेगळीच. बारीक चीर पडली की पावसाचं पाणी थोडा चुना विरघळवतं, तो चिरेत जाऊन परत बसतो आणि चीर आपोआप बुजते. मे महिन्यात पुलाखाली जाऊन बॅटरी मारून बघा, कमानीच्या पोटाला पांढरे ओघळ दिसतात, काही ठिकाणी बोटाएवढे लोंबते सुळके झालेत. बोट लावलं की खडूसारखी पूड हाताला येते. तोच हा चुना. थोडे असले तर ठीक, फार असले तर वरनं पाणी झिरपतंय आणि दर्जातला, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतला, चुना धुऊन चाललाय.

पूल जांभ्याचा का नाही? कोकणात तर सगळीकडे चिरेच.

आहे ना, बाजूच्या भिंती चिऱ्याच्याच आहेत. पण कमानी आणि खांब काळ्या दगडाचे. जांभा खाणीतनं काढताना मऊ असतो म्हणून तर तासता येतो, उघड्यावर राहिला की घट्ट होतो, पण भिजला की ताकद कमी होते. १८०७ साली फ्रान्सिस बुकाननने याला लॅटेराईट नाव दिलं, लॅटिनमधल्या वीट या शब्दावरनं, आणि खरंच तो विटेसारखाच वापरायचा दगड आहे. काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, चांगला असला तर एका चौरस सेंटीमीटरवर साधारण १ टन झेलतो. कमानीत प्रत्यक्ष येणारा दाब त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढाही नसतो. म्हणजे दगड चिरडून पूल पडेल ही भीती डोक्यातनं काढून टाका.

बांधताना खालनं आधार कशाचा दिला असेल?

लाकडाचं सेंटरिंग. आधी पूर्ण कमानीच्या आकाराचा लाकडी साचा उभा करायचा, त्यावर दोन्ही बाजूंनी सारखे दगड चढवत यायचे, मधे गाठ पडली की साचा हळूहळू खाली घ्यायचा. आमच्या पुलाच्या खांबांना आतल्या बाजूनं काही दगड मुद्दाम बाहेर काढून ठेवलेत, ते साच्याला टेकू द्यायला. त्यातल्या एकावर हल्ली वटवाघळं असतात. पाथरवटांनी केलेल्या खुणाही आहेत, एका दगडावर त्रिशूळासारखी, एकावर नुसत्या तीन रेघा, हात लावला की टाकीचा घाव अजून धारदार लागतो.

ब्रिटिशांनी पत्र पाठवलं होतं की तुमच्या पुलाची मुदत संपली. खरं का?

हे पत्र महाराष्ट्रातल्या प्रत्येक जुन्या पुलाला आलेलं आहे! कुठल्याही गावात जा, कुणाच्या तरी काकांच्या ओळखीच्या साहेबानं ते वाचलेलं असतं, आणि बघायला मागितलं की मिळत नाही. दगडी पुलाला दुधाच्या पिशवीसारखी तारीख छापलेली नसते. निगा राखली तर दोनशे वर्षं जाईल, नाही राखली तर एका पावसात जाईल. डोंगरापलीकडे प्रतापगडाच्या पायथ्याला पार गावात कोयनेवरचा दगडी पूल शिवकाळातला मानतात, आणि तो आजही उभा आहे, त्याला कोण पत्र पाठवणार?

ते काही असो, ब्रिटिशांचं काम पक्कं होतं हे तर मान्य?

अर्धंच मान्य. पडले ते पूल आपल्याला दिसत नाहीत, उभे राहिले तेवढेच दिसतात, म्हणून सगळंच पक्कं वाटतं. बोरघाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली आणि त्याच घाटातला माहू की माळी नावाचा दगडी पूल, ५० फुटांच्या ८ कमानी, १९ जुलै १८६७ ला ढासळला. चार वर्षांत. भर पावसाळ्यात. आणि काम ब्रिटिशांचं म्हणतो आपण, नकाशा त्यांचा होता, टाकी आणि हातोडा आपल्याच वडारांचा आणि पाथरवटांचा होता.

सावित्रीचा पूल मग का पडला? तोही दगडी कमानीचाच होता ना?

होता. महाडजवळ मुंबई गोवा हायवेवरचा, १९२८ सालचा. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र, सावित्रीला पूर, आणि अंधारात पुलाचा भाग वाहून गेला. शेजारी नवीन पूल होता, जुन्यावरनं मुंबईकडे जाणारी वाहनं जायची, त्यामुळे दोन एसट्या, एक जयगड मुंबई आणि एक राजापूर बोरिवली, आणि खाजगी गाडी सरळ पाण्यात गेल्या. चाळीसच्या आसपास माणसं गेली. राजापूर बोरिवली ही आमच्या तालुक्याची गाडी, मी स्वतः किती वेळा त्या गाडीनं रात्रीचा गेलोय, महाड आलं की झोपमोड व्हायची आणि पूल लागला की चाकांचा आवाज बदलायचा. त्या ऑगस्टनंतर बरेच दिवस बाजारात दुसरा विषय नव्हता.

त्या अपघाताची न्यायालयीन चौकशी झाली, मी त्यात शिरत नाही. असे पूल साधारण कसे जातात तेवढं सांगतो, कारण तेच लोकांना माहीत नसतं.

गणपतीपुळ्याला किंवा कुठल्याही किनाऱ्यावर लाटेत घोट्याएवढ्या पाण्यात उभे रहा. लाट परत जाताना टाचेखालची वाळू निघून जाते, पायाभोवती खळगा होतो आणि आपण मागे झुकायला लागतो. नदीत खांबाचं हेच होतं. पाणी खांबावर आपटतं, खाली वळतं, आणि खांबाच्या पायथ्याला भोवरा धरून तळ खणत बसतं. पाया खडकात बसवला असेल तर भोवरा खडकाशी डोकं आपटून थकतो, गाळमातीत किंवा दगडगोट्यात असेल तर खाली पोकळी होते. म्हणून जुन्या खांबांना वरच्या अंगाला होडीच्या नाळेसारखं टोक काढलेलं असतं, पाणी फाडायला. पण ओंडके आणि झाडं येऊन अडकली की ते टोक असून नसल्यासारखं, आणि पाणी अरुंद झालं की वेग वाढतो, वेग वाढला की खणणं वाढतं.

आता यातली मेख अशी की पूर ओसरताना तोच खड्डा गाळानं परत भरतो. उन्हाळ्यात जाऊन बघाल तर खांबाभोवती छान सपाट वाळू, सगळं जागच्या जागी. खड्डा सगळ्यात खोल असतो तो ऐन पुरात, जेव्हा बघायला कुणी जाऊ शकत नाही. सावित्रीच्या पुलाची मे २०१६ मधे तपासणी झाली होती आणि पूल वाहतुकीला योग्य असल्याचं नंतर विधानसभेतही सांगितलं गेलं. मे मधली वाळू ऑगस्टमधल्या खड्ड्याबद्दल काही बोलत नाही.

दुसरं, दगड पाण्यात बुडाला की हलका होतो. विहिरीत घागर भरून वर ओढताना पाण्यातनं बाहेर येईपर्यंत हलकी लागते तसं. काळ्या दगडाचं वजन पाण्याच्या पावणेतीनपट वगैरे, बुडाला की त्यातलं एक पट वजा, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वजन गेलं. आणि कमान तर उभीच असते वजनावर. म्हणजे पुराच्या रात्री पाणी ढकलत असतं, तळ खणत असतं, वर पुलाचं वजनही पळवत असतं.

तिसरं, कमानी एकमेकींना टेकलेल्या असतात. मधला एक खांब बसला की त्याच्या दोन्ही कमानी जातात, मग पुढच्या खांबाला एका बाजूनं रेटा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, तोही जाऊ शकतो. पोरांची ओळ, एकाचे पाय सरकले की सगळी.

सावित्रीवर नवा पूल १६५ दिवसांत बांधला आणि ५ जून २०१७ ला चालू झाला. मनात आणलं तर किती लवकर होतं ते कळलं, बाकी हायवेबद्दल मी तोंड उघडत नाही.

पूल वाहायला पुराचं पाणी एवढं येतं कुठनं?

सह्याद्री आणि समुद्र यांच्यातलं अंतर बघा. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, जिथं वर्षाला ५ मीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीला मिळते. उतार मोठा, अंतर थोडं, वरनं खाली पाणी यायला काही तास पुरतात. त्यात भरतीची वेळ गाठली तर खाडी पाणी घेत नाही. आमच्या पऱ्ह्याला तर तासही लागत नाही, वर डोंगरात गडगडलं की पंधरावीस मिनिटांत लाल पाणी हजर.

जड डंपरनं पूल खचणार नाही का?

साधं गणित करू. १० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी १ मीटर जाडीचा, कमानींवर रस्त्याखाली असतो तो मातीमुरमाचा भराव धरा, ६० घनमीटर, म्हणजे १०० टनांच्या वर नुसती माती, दगड वेगळे. त्यावरनं दोन अ‍ॅक्सलचा ट्रक कायद्याप्रमाणे भरून गेला तर १८.५ टन. पुलाला तो हत्तीच्या पाठीवर पोर बसल्यासारखा. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिश लष्कराला रणगाडे कुठल्या जुन्या पुलावरनं न्यायचे हे झटपट ठरवायचं होतं, तेव्हा त्यांनी कमानीची रुंदी, उंची, रिंगची जाडी आणि वरचा भराव एवढ्यावर चालणारी रीत बसवली, मेक्सी पद्धत म्हणतात तिला, आणि ती अजून वापरात आहे.

पण म्हणून चिऱ्यांचे ओव्हरलोड ट्रक बिनधास्त सोडा असं नाही. कमानीच्या माथ्यावर भराव सगळ्यात पातळ असतो, तिथंच खड्डा असला आणि भरलेलं चाक त्यात धाडकन आपटलं तर तो घाव सरळ दगडावर. वजनापेक्षा खड्डा वाईट. आमच्या पुलावरचा खड्डा बुजवा म्हणून मी जेवढा ओरडतो त्याचं कारण हे, माझ्या स्कूटरचं शॉकअप नव्हे.

पुलावर पिंपळ उगवलाय, चांगला दिसतो, राहू दे ना?

दिसतो चांगला, फोटोतही मस्त येतो, आणि पुलाचा खरा वैरी तोच. पक्षी बी टाकतात, दर्जेत रुजतं, केसाएवढं मूळ चुना खात आत शिरतं आणि मनगटाएवढं झालं की दगड बाजूला सारतं. मी स्वतः मूर्खपणा केलाय. आधी वरनं कोयत्यानं छाटला, पुढच्या वर्षी एकाच्या जागी पाच फांद्या. मग कुणीतरी सांगितलं म्हणून रॉकेल ओतलं, पिंपळाला काही झालं नाही, खालचं शेवाळ तेवढं मेलं. मग रीतसर अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो, त्यांनी दुसऱ्या कार्यालयात पाठवलं, दुसऱ्यांनी रस्ता आमचा पण झाड आमचं नाही म्हणून सांगितलं, दोन पावसाळे यातच गेले.

शिकलो ते असं. बोटभर रोप असतानाच मुळासकट काढायचं, पावसाळ्यानंतर लगेच. मोठं झालं असेल तर ओढून उपटायचं नाही, मुळाबरोबर दगड येतात. खोड कापून बुंधा जाणकाराकडनं मारून घ्यायचा, मुळं आतच सुकू द्यायची आणि मग पोकळी चुन्यानं भरायची. आणि हो, पिंपळ तोडायला गडी मिळत नाही, आधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालावं लागतं, ते घाला, त्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

सिमेंटनं दर्जा भरून टाकल्या तर काम कायमचं नाही का होणार?

नाही, उलट. आमच्या पुलाच्या एका बाजूला कुणीतरी हौसेनं सिमेंट फासलंय. पाच वर्षांत सिमेंटच्या मागचा दगड पापुद्र्यासारखा सुटायला लागला. भरावात मुरलेलं पाणी चुन्यातनं हळूहळू बाहेर यायचं, सिमेंटनं वाट बंद केली, पाणी आत साठून भिंत बाहेर ढकलतं. चुना दगडापेक्षा मऊ असतो आणि तसाच पाहिजे, झिजायचं तर चुन्यानं झिजावं, तो परत भरता येतो.

डांबराचं तेच. दर वेळी जुन्यावर नवा थर. माझ्या लहानपणी कठड्याचे दगडांचे तीन थर रस्त्याच्या वर दिसायचे, आता दीड दिसतात, बाकी डांबरात गाडले. पाणी जायला कठड्याच्या बुडाशी ठेवलेली भोकंही त्यातच गेली, म्हणून पावसात पुलावर तळं. मागच्या वर्षी मी आणि दोन पोरांनी पहार घेऊन चार भोकं मोकळी केली, एका भोकातनं बाटलीची बुचं, गुटख्याच्या पुड्या आणि एक ५ पैशाचं नाणं निघालं.

शिमग्याला पालखी नाचवतात तेव्हा पूल हलतो असं वाटतं. धोका आहे का?

हलतात ते तुमचे पाय, ढोल बंद झाला तरी. १८३१ साली इंग्लंडमधे ब्रॉटनचा झुलता पूल सैनिकांच्या एका तालातल्या पावलांनी पडला, तेव्हापासून पुलावर पाऊल मोडून चाला असं फौजेला सांगतात. पण तो साखळ्यांवर टांगलेला हलका पूल. शेकडो टन दगडमातीला आपल्या नाचानं काही होत नाही. गर्दीत कठड्यावर मात्र बसू नका, कठडा कमानीचा भाग नाही, तो नुसता वर ठेवलेला आहे.

पुलाला माणूस द्यावा लागला होता म्हणे?

संध्याकाळी पोरांनी पऱ्ह्याकडे जाऊ नये म्हणून सांगायची गोष्ट आहे ती. कुठल्याही मोठ्या पुलाच्या कामाला ही अफवा चिकटतेच. पुलावरनं जाताना नाणं टाकायची सवय मात्र खरी, एसटीत खिडकीजवळच्या बाया नदी आली की हात जोडून नाणं सोडायच्या. त्यातलंच एखादं ते ५ पैसे असावं.

असा शहराच्या मधोमध दरीवर दगडी पूल आणखी कुठे आहे?

स्पेनमधलं रोंडा. शहराचे दोन भाग आणि मधे एल ताहो नावाची खोल घळ, तळाला ग्वादालेव्हीन नदी. तिथला पुएन्ते नुएव्हो, म्हणजे नवा पूल, १७९३ साली पूर्ण झाला, उंची ९८ मीटर. मधल्या कमानीच्या वर खोली आहे, ती एके काळी तुरुंग म्हणून वापरायचे. पण मला त्याच्या आधीच्या पुलाचं जास्त वाटतं. १७३५ साली तिथंच एक मोठी कमान आठ महिन्यांत उरकली होती, ती १७४१ मधे कोसळली आणि सुमारे ५० माणसं मेली. नंतरचा पूल बांधायला त्यांनी चाळीसेक वर्षं घेतली, वैतागून नव्हे, शहाणपण आलं म्हणून.

दुसरं लक्झेंबर्ग शहर. पेट्रुस नदीच्या दरीवरचा अडॉल्फ पूल, १९०० ते १९०३ मधे बांधला, मुख्य कमान जवळजवळ ८५ मीटरची, तेव्हा दगडी कमानीत जगात सगळ्यात मोठी. पॉल सेजुर्ने या फ्रेंच इंजिनिअरनं खर्च वाचवायला युक्ती केली, एक रुंद कमान न करता दोन अरुंद कमानी शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि वरनं काँक्रीटचा स्लॅब टाकला. दोन बैलगाड्यांवर एक फळी टाकावी तसं. काही वर्षांपूर्वी तिथं मोठी दुरुस्ती झाली, आता त्यावरनं ट्राम जाते आणि सायकलवाल्यांना रस्ता स्लॅबच्या खाली, कमानींच्या मधे टांगलाय. आपल्याकडे असं काही सुचवलं तर लोक वेड्यात काढतील, मी सुचवून बघितलंय.

आता कमानीचे पूल कुणी बांधत नाही ना?

दगडाचे फारसे नाही, घडाईचा खर्च आणि माणसं दोन्ही परवडत नाहीत. रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा कोकण रेल्वेचा पूल ६४ मीटर उंच आहे, तिथं काँक्रीटचे सरळ खांब आणि वर काँक्रीटचा डेक एका टोकानं ढकलत पुढे नेलेला. पण कमान मेली नाही. काश्मीरमधला चिनाबचा रेल्वे पूल, ३५९ मीटर उंच, ४६७ मीटरची कमान, जून २०२५ मधे उद्घाटन झालं, तो पोलादी कमानीचाच आहे आणि त्याचं काम बघितलं आपल्याच कोकण रेल्वे कॉर्पोरेशननं. हे सांगितलं की आमच्याकडची म्हातारी माणसं खूश होतात.

पुलावरनं पाणी जातंय पण रोजचा रस्ता आहे, जाऊ का?

नाही. आजी माझी कणकवलीची, तिचं एकच वाक्य असायचं, "पाणी वाढला की पुलार जाव नको." रोजचा रस्ता असला तरी पाण्याखाली तो तिथं आहे का हे दिसत नाही.

मग गावातल्या माणसानं बघायचं काय?

वरनं पूल बघूच नका, खाली उतरा. एकदा मे मधे आणि एकदा पहिला मोठा पूर ओसरल्यावर. खांबाच्या पायथ्याशी लोखंडी सळी खुपसून बघा, खडक लागतो का भुसभुशीत जाते, आणि मागच्या वर्षीपेक्षा जास्त आत जाते का. आम्ही खांबावर ऑईलपेंटची रेघ मारून ठेवलीय, तिथनं तळापर्यंत दोरीनं मोजतो, वहीत तारखेसकट लिहितो, पाच मिनिटांचं काम. कमानीच्या पोटाला हातोडी हलकेच मारा, घट्ट दगड खणकन वाजतो, सुटलेला बद्द वाजतो. बाजूची भिंत दोरी धरून बघितली की फुगलीय का कळतं. भेगेवर चुन्याचा किंवा प्लास्टरचा छोटा ठिपका आडवा लावा आणि तारीख टाका, ठिपका फुटला म्हणजे भेग हलतेय. मग फोटो आणि वही घेऊन अर्ज द्या. नुसतं पूल धोकादायक आहे असं लिहिलेल्या अर्जाचं काय होतं ते वर पिंपळाच्या उत्तरात आलंय, आकडे असले की निदान कुणीतरी बघायला येतं. आमच्याकडे आले, सळी खुपसून गेले, आणि एका खांबाच्या बुडाला दगड भरून जाळी बांधली.

फोटो काढायला कधी यावं?

लोक श्रावणात येतात, हिरवंगार असतं म्हणून, पण तेव्हा झाडीत कमानी दिसतच नाहीत. माझं मत विचाराल तर मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाल्यावरची रात्र. पऱ्ह्याला नवीन पाणी येतं, चढणीचे मासे वर यायला लागतात, आणि अर्धं गाव बॅटऱ्या, पोती आणि खोलगी घेऊन मधल्या कमानीखाली. ओल्या काळ्या दगडावर बॅटऱ्यांचा उजेड फिरत असतो, वटवाघळं वैतागून चकरा मारत असतात, कुर्ली पायाखाली आली की कुणीतरी किंचाळतं आणि तो आवाज तिन्ही कमानींतनं घुमून परत येतो. पाणी गुडघ्याला आलं की सगळे वर. आणि चप्पल घालून उतरू नका, पुलाखाली उतरायच्या पायऱ्यांवरच्या शेवाळावर मी दोनदा आपटलोय, एकदा कॅमेऱ्यासकट.